टाइल्सच्या वरची भिंत

[दृश्य: मुंबईतल्या एका इमारतीतलं बाथरूम. कॅमेरा टाइल्सवरून हळूहळू वर जातो.]

मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटांमध्ये बाथरूमच्या टाइल्स सात फुटांपर्यंत येऊन थांबतात. वर उरते थोडी भिंत आणि छत. घराला रंग काढताना हॉलच्या छटेवर आठवडाभर चर्चा होते, आणि इथे मात्र उरलासुरला डबा जातो, नाहीतर स्वस्तातलं डिस्टेंपर. खरं तर घरात सगळ्यात जास्त वाफ झेलते ती हीच जागा.

गरम पाण्याची वाफ वर चढते, त्यामानाने थंड असलेल्या स्लॅबला लागते आणि तिचं पाणी होतं. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली, मग ते पाणी वाळणार कसं? डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी भरपूर आणि तिला धरून ठेवणारा भाग कमी. सतत ओल लागली की पकड सुटते. हात फिरवला तर बोटं पांढरी होतात. पाठोपाठ बुरशीचे काळे ठिपके येतात.

[दृश्य: फुगलेला ऑइल पेंट, जवळून.]

पूर्वी अशा भिंतींना सर्रास ऑइल पेंट द्यायचे. तो धुता येतो, हे खरं. पण भिंत आतून ओली असेल तर त्या ओलीला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि रंग फुगतो. नव्या प्लास्टरवर तर आणखी बिघडतं. सिमेंटमधला क्षार रंगातल्या तेलावर काम करतो आणि त्याचा चक्क साबण बनतो. रंगाखाली चिकट, मऊ थर सापडतो तो हाच.

जुना ऑइल पेंट काढताना आणखी एक काळजी घ्या. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त चालत नाही. त्याआधीच्या थरांत ते किती असेल, याचा भरवसा नाही. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारू नका. भिंत ओली करून खरवडा, आणि त्या वेळी लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

[दृश्य: छताला चारही बाजूंनी चिकटवलेला प्लास्टिकचा तुकडा.]

दुकानात जाण्याआधी एवढं करा. छताच्या डागाजवळची जागा कोरडी पुसून घ्या, तिथे प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. थेंब खोलीच्या बाजूने असतील तर ती आंघोळीची वाफ आहे. प्लास्टिक आणि स्लॅबच्या मध्ये थेंब असतील तर पाणी स्लॅबमधून येतंय. तिथे कितीही भारी रंग लावा, पोपडे येणारच. आधी वरच्या मजल्यावरच्यांशी बोला, त्यांचा नहाणी ट्रॅप (फरशीतलं पाणी जिथून वाहून जातं तो भाग) आणि पाइप तपासून घ्या.

गळती नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: बुरशीरोधक ॲक्रेलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा रंग, आणि तोही सॅटिन फिनिशचा, म्हणजे मंद चमकेचा. मॅट रंगावर मळ बसतो आणि घासला की चट्टे पडतात. झगझगीत चमक छताचा प्रत्येक उंचसखलपणा दाखवते. सॅटिन पुसताही येतं आणि डोळ्यांवरही येत नाही.

जुनी बुरशी रंगाखाली दाबली तर ती पुन्हा वर येते. ब्लीच पाण्यात मिसळून लावा, थोड्या वेळाने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. संडास धुण्याचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. खड्डे भरायला पांढऱ्या सिमेंटची पुट्टी घ्या. पीओपी इथे नको, ओल लागली की ते मऊ पडतं. मग प्रायमर आणि इमल्शनचे दोन हात.

[दृश्य: रंगारी छताला दुसरा हात देतोय. एक्झॉस्ट फॅन सुरू आहे.]

इमल्शन काही तासांत हाताला कोरडं लागतं, पण त्याचा थर पक्का व्हायला बरेच दिवस जातात. दमट हवेत आणखी जास्त. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यात काढा. सुरुवातीचे काही दिवस गीझर बंद ठेवा किंवा दुसरं बाथरूम वापरा. नंतरही आंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट अर्धा तास चालू राहू द्या.