स्मिथ: आडनाव एक, घराणी हजार

(दृश्य: अजिंठा, लेणे क्रमांक १०)

वर बघा, डोक्याच्याही वर. रंगवलेल्या बोधिसत्त्वावर कुणीतरी नाव खरडलंय. जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. मद्रास लष्कराच्या घोडदळातला हा कॅप्टन वाघाच्या शिकारीला आला होता. लेण्यात तेव्हा दगडमातीचा ढिगारा साचलेला. त्यावर उभं राहून त्यानं नाव कोरलं. पुढे ढिगारा उपसला, नाव उंचावरच राहिलं. लेण्यांचा शोधही त्याच्याच खात्यावर जमा झाला. गावकऱ्यांना ती ठाऊक होतीच, पण त्यांनी सह्या केल्या नव्हत्या!

आदल्याच वर्षी, २० फेब्रुवारी १८१८ रोजी, अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, तेही जनरल स्मिथच्या फौजेशी लढताना. हा लायोनेल स्मिथ. दोघांचं आडनाव एक, म्हणून नातं असेलच असं नाही.

(दृश्य: इंग्लंडमधलं खेडं, लोहारकाम)

स्मिथ म्हणजे लोहार. घोड्याच्या नालापासून नांगराच्या फाळापर्यंत सगळ्यांचं काम त्याच्याकडे, त्यामुळे गावोगावी लोहार हवाच. मध्ययुगात ही धंद्याची ओळख हळूहळू मुला-नातवंडांना चिकटली. भट्टी विझली तरी आडनाव राहिलं. अमेरिकेत गेलेल्या कित्येक जर्मन श्मिटांनीही पुढे स्मिथ लावलं. तिथल्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ २४ लाखांवर होते. त्यांतले सुमारे २३ टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीचा इतिहास या आकड्यामागे आहे.

(दृश्य: इंग्लंडचा रंगीत भूशास्त्रीय नकाशा)

एवढ्या गर्दीत एखाद्याला वेगळं ओळखायचं तर टोपणनाव लागतं. विल्यम स्मिथला लोक ‘स्ट्राटा स्मिथ’ म्हणत, म्हणजे थरवाला स्मिथ. १७६९ मध्ये ऑक्सफर्डशायरमध्ये खऱ्याखुऱ्या लोहाराच्या घरात जन्मलेला. कालव्यांसाठी मोजणी करत हिंडताना त्याच्या लक्षात आलं, की खडकाचा थर त्यातल्या जीवाश्मांवरून ओळखता येतो. १८१५ मध्ये त्यानं इंग्लंड-वेल्सचा भलामोठा भूशास्त्रीय नकाशा छापला. नकाशानं नाव दिलं, पैसा नाही. कॅप्टनसाहेब अजिंठ्यात सही करून गेले त्याच १८१९ च्या उन्हाळ्यात हा स्मिथ कर्जापायी लंडनच्या तुरुंगात होता.

लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीतल्या बड्या मंडळींनी त्याला बरीच वर्षं दारात उभं केलं नाही. १८३१ मध्ये मात्र त्याच सोसायटीनं आपलं पहिलंवहिलं वोलास्टन पदक, म्हणजे भूशास्त्रातला मोठा मान, त्याला दिलं.