दहा मिलिवॅटचा हिशेब

[पडद्यावर : युद्धकाळातील रडार, फिरता अँटेना]

दुसऱ्या महायुद्धात रडारच्या खोल्यांमध्ये एक कुजबुज चालायची : या लहरींसमोर उभं राहिलं की मूल होत नाही. अमेरिकी सैन्यदलांनी रडारवर काम करणाऱ्यांची तपासणी केली, रक्तही पाहिलं. १९४३ आणि १९४५ मध्ये अहवाल आले. काही सापडलं नाही.

शोध रक्तात चालला होता. डोळ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं.

शरीरात एखाद्या जागी उष्णता साठली, तर वाहतं रक्त ती उचलून नेतं. डोळ्याच्या भिंगाला मात्र रक्तवाहिन्याच नाहीत. तिथली उष्णता तिथेच मुरते.

[पडद्यावर : सशाच्या डोळ्याची आकृती]

१९४८ मध्ये मेयो क्लिनिक आणि आयोवा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी हे प्राण्यांवर दाखवून दिलं. लहरी साधारण १२ सेंटिमीटर लांबीच्या. पुढे अशा प्रयोगांची रीत ठरून गेली : सशाला भूल द्यायची, एका डोळ्याजवळ छोटा अँटेना आणायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. भिंगामागचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं, की मोतीबिंदूचा धोका. भिंग त्याच दिवशी गढूळ होईल असं नाही. कधी काही दिवस जातात. प्रयोग संपला म्हणून लगेच डोळा तपासून मोकळा झालेला संशोधक इथे फसतो.

दुसरी फसगत तापमापकाची. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी सुई. तिची तार धातूची. चालू लहरींत ती स्वतःच अँटेना होते, आजूबाजूचं क्षेत्र बिघडवते आणि खोटा आकडा देते. म्हणून आधी यंत्र बंद, मग लगेच सुई आत, आणि ऊती थंड व्हायच्या आत नोंद.

१९५२ मध्ये मायक्रोवेव्ह जनित्रावर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५३ मध्ये, अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे नौदलाने बैठक बोलावली. प्रश्न एकच : किती चालेल?

[पडद्यावर : फळ्यावर गणित]

याला उत्तर मांडलं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हर्मन श्वान यांनी. गणित अगदी घरगुती म्हणावं असं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता निर्माण करतो आणि बाहेर टाकतो. आणखी १०० वॅट आले, तरी शरीर ते झेपवेल. लहरी समोरून येतात, म्हणून अंगाचा निम्मा भाग धरायचा : सुमारे १०,००० चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की येतात, दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिवॅट.

दुपारच्या उन्हात याच्या सुमारे दहापट ऊर्जा अंगावर पडते. पण ऊन कातडीवर थांबतं आणि चटका बसतो. २४५० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे त्याच १२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी स्नायूंत दीडदोन सेंटिमीटर शिरतात, आणि तिथे चटका सांगणाऱ्या नसा फारशा नाहीत.

१९५७ पासून अमेरिकेच्या तिन्ही सैन्यदलांनी मिळून संशोधन चालवलं. दहाचा आकडा टिकला. १९६६ मध्ये तो राष्ट्रीय मानकात गेला, सहा मिनिटांच्या सरासरीच्या अटीसह.

तिकडे सोव्हिएत संघाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस दिवसभर काम करणाऱ्यांसाठी मर्यादा ठेवली दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोवॅट. म्हणजे हजारपट कडक. अंग तापण्याची त्यांना वाट पाहायची नव्हती. कामगारांची डोकेदुखी, थकवा, रक्तदाबातले बदल हेही त्यांनी धोक्यात धरलं. अशा तक्रारींचं कारण लहरीच की आणखी काही, हे तुलनेचा गट नसताना ठरत नाही. अमेरिकी टीकाकारांचा हा आक्षेप रास्तच होता.

पण श्वान यांच्या भागाकारातही एक फट होती. अंगावर पडलेली ऊर्जा आणि अंगात मुरलेली ऊर्जा एक नव्हे. शरीराची लांबी लहरीच्या लांबीच्या सुमारे चार दशांश भरली, की शोषण कमाल होतं. छोट्या उंदराची ही जुळणी २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास; उभ्या माणसाची ७० मेगाहर्ट्झजवळ. त्यामुळे उंदरावरचा मिलिवॅटचा आकडा उचलून माणसाला लावता येत नाही.

[पडद्यावर : प्रसारण मनोरा]

१९८२ च्या अमेरिकी मानकाने म्हणून मोजमापच बदललं : दर किलो वजनामागे किती वॅट मुरले? प्राण्यांचं वागणं सुमारे ४ वॅटला बिघडत होतं. त्याचा दहावा भाग, ०.४ वॅट, ही मर्यादा. त्या हिशेबाने ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारी तीव्रता १० मिलिवॅटवरून थेट १ वर आली. हा पट्टा टीव्ही आणि एफएमचा.