आधी केसर मोजा, मग नाव ठेवा

मंडळी, समोर टेबलावर ठेवलाय तो गड्डा हळदीचा नाही. मोडल्या जागी तसाच पिवळा दिसतो, म्हणून मघाशी एका ताईंनी उचलून वास घेऊन पाहिला. ही आयरिस डोमेस्टिका, आयरिसच्या कुळातलं फुलझाड. बाजारात हिला लेपर्ड लिली म्हणतात, ब्लॅकबेरी लिलीही म्हणतात. लिली मात्र ती नाही. आजचा विषय आहे ‘नाशिकच्या काळ्या मातीत आयरिसची लागवड’. त्याकडे येतेच, पण आधी नावाचं भांडण मिटवू द्या, कारण ओळख चुकली की मशागतही चुकते.

मला हे रोप मिळालं ते ऑर्किड म्हणून. एका रोपवाटिकेत, चांगल्या मोठ्या. कोळसा आणि नारळाच्या काथ्यात बसवलेलं, वर चिठ्ठी ‘ऑर्किड’. सावलीत टांगा, रोज पाणी फवारा, असं सांगितलं. मी दोन वर्षं तसं केलं. पानं फिकी पडली, एक दांडा आला नाही. परत विचारायला गेले तर म्हणाले, तुमच्याकडे हवा कोरडी आहे. याचा मला आजही राग आहे. रोप मरत असताना माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो, आणि चूक चिठ्ठीत असते.

सासूबाई निफाडकडच्या. घरी कांदा, बियाण्यासाठी दरवर्षी डोंगळे, म्हणजे फुलावर येऊ दिलेले कांदे, ठेवायचे. त्यांनी एक दिवस ती कुंडी खाली उतरवली. “अगं, हिला गड्डा आहे. हिला जमीन दे,” म्हणाल्या, आणि धुण्याच्या दगडापलीकडे उन्हात लावून टाकली. पुढच्या पावसाळ्यात गुडघ्याच्या वर दांडा आला आणि केशरी फूल उमललं, सहा पाकळ्या, त्यावर लाल ठिपके. सकाळी उघडलं, संध्याकाळी मिटलं. मिटताना कसं, तर ओलं फडकं पिळावं तसा पीळ घालून. दुसऱ्या दिवशी शेजारची कळी.

मग आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. एका हातात डोंगळ्यातलं एवढंसं फूल, दुसऱ्या हातात हे. कांद्याच्या फुलात केसर, म्हणजे परागाचे दांडे, सहा. लिलीतही सहा. आपण अंगणात लावतो त्या पावसाळी गुलाबी लिलीतही सहाच. यात तीन! ग्लॅडिओलसचे दांडे तुम्ही सगळे आणता, उद्या एक फूल उघडून बघा, तीनच सापडतील. केशराच्या फुलातही तीन पुंकेसर. आपण दुधात घालतो ते लाल धागे म्हणजे कुक्षी, पराग झेलणारी टोकं, त्याही तीन. आयरिसचं कुळ असं तिनाचं आहे. ऑर्किडमध्ये केसर आणि कुक्षी एकजीव होऊन मधोमध एकच खांब होतो. पाच मिनिटांत निकाल लागला.

अर्थात चिठ्ठी लिहिणारा एकटा चुकला नाही. वनस्पतींना नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली एकाच ग्रंथात या झाडाला दोन नावं दिली, त्यातल्या एका नावाने ते एपिडेंड्रम, म्हणजे ऑर्किडमध्ये घातलं! पुढे बेलमकांडा हे नाव रूढ झालं. ते नाव आपल्या दक्षिणेतलं, मलबारातलं. मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने १६७८ ते १६९३ या काळात मलबारच्या वनस्पतींवर बारा खंड छापले, त्यात हे झाड त्या नावाने आहे. २००५ साली ते आयरिसमध्ये आलं, डीएनएच्या पुराव्यावरून. पण डोमेस्टिका हा शब्द त्या जुन्या ऑर्किडच्या नावातून उरला आहे.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं आहेत. बरं, लागवड.

फूल नसेल तर पान बघा. पानं पत्त्यांचा डाव हातात धरावा तशी एकाच पातळीत पसरतात, पानाची धार दांड्याकडे. आपल्या काळ्या मातीत पाणी थांबतं आणि गड्डा कुजतो, म्हणून वाफा वीतभर उंच करा, मुरूम आणि जाड वाळू मिसळा, शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या. ऊन किमान अर्धा दिवस. गड्डा आडवा, बोटाच्या दोन पेरांएवढाच खोल. दर तीन-चार वर्षांनी पाऊस सरल्यावर उकरून तोडा, प्रत्येक तुकड्याला पानांचा एक पंखा आणि थोडी मुळं हवीत. चिनी वैद्यकात हा गड्डा घशासाठी वापरतात, पण तो विषारी आहे, घरी कुणी प्रयोग करू नका, आणि हळदीच्या शेजारी तर लावूच नका.

बी हवं असेल तर वाळलेले दांडे लगेच कापू नका. बोंड तीन ठिकाणी उकलतं, टरफल मागे वळतं आणि आत काळ्या चकचकीत बियांचा घोस उभा राहतो, तो बरेच दिवस गळत नाही. दाराशी पुड्या ठेवल्या आहेत, प्रत्येकी पाच बिया. रात्रभर भिजवा, नखभर खोल पेरा. उगवायला महिना-दीड महिना लागला तरी कुंडी ओतून टाकू नका. आणि पुडीवर नाव मी पेन्सिलने लिहिलंय, ते रोपाबरोबर कुंडीत खोचा.