सैल हो, ढिला नको

(दृश्य : पहाट. तालमीत एकच दिवा. फावड्याचा आवाज.)

कराडच्या आसपास, कृष्णाकाठच्या गावांत आजही पहाटे पाचला तालमीचे दिवे लागतात. पोरं मारुतीच्या पाया पडतात, लंगोट कसतात आणि हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात उतरतात. जोर-बैठका नंतर, आधी माती उकरायची. ताक, तेल, हळद, कापूर मुरलेली तांबडी माती. खाली मान घालून फावडं चालवलं की झोप उतरते, आणि घरून डोक्यात घेऊन आलेलं काही असेल तर तेही मागं पडतं.

(दृश्य : दोन पैलवान, अगदी जवळून. मानेवर हात.)

ही खडाखडी. बघणाऱ्याला वाटतं, कुस्तीला अजून तोंडच लागलं नाही. पण समोरच्याची मान ताठलीय का, खांदा वर चढलाय का, श्वास कोंडलाय का, हे सगळं तळहाताला कळत असतं. घाबरला की माणूस अंग आवळतो. मग दंडाचे पुढचे-मागचे स्नायू एकमेकांनाच ओढत बसतात आणि पटाला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, हात जातो तो उशिरा.

कट्ट्यावरून वस्ताद ओरडतात, "आरं, सैल हो! ढिला नको पडू, सैल हो!"

या दोन शब्दांतला फरक अंगात मुरायला वर्षं जातात. ढिल्याचं लक्षच सुटलेलं असतं. सैल पैलवानाचे खांदे मोकळे, श्वास लांब, आणि नजर मात्र समोरच्यावरून हलत नाही.

(दृश्य : कराडजवळचं गोळेश्वर.)

खाशाबा जाधव इथले. १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. पदक सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी न मिळालेली विश्रांतीही सांगायला हवी. जपानच्या इशीशी ते १५ मिनिटांहून जास्त झुंजले आणि हरले. नियमानं पुढच्या कुस्तीआधी ३० मिनिटं मिळायला हवी होती. त्यांना लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं. भांडायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. कांस्यपदक आलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ती ३० मिनिटं मात्र आजही मनाला लागतात.

(दृश्य : पुन्हा तालीम. उजाडलंय.)

लढत झाली की पोरं अंगाला माती चोळून घाम जिरवतात, भिंतीला टेकतात. कुणी बोलत नाही. कोपऱ्यात एक बारकं पोरगं डोळे मिटून बसलंय. पोट वरखाली होतंय. वस्ताद लांबूनच त्याच्या पोटाकडे बघत थांबलेत. ते संथ झाल्यावर हाक येते,

"ऊठ. ये आता."