तांब्याचा वाटा

'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण. आज इथलं पोट बरंचसं भंगारावर चालतं. ट्रकमधून भंगार उतरतं, इंडक्शन भट्टीत वितळतं, बिलेट, म्हणजे पोलादाचे चौकोनी दांडे, ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून टीएमटी सळई बाहेर पडते. नवे मिश्रधातू तयार करणाऱ्याचं करिअर कसं असतं, यावर बोला असं संयोजकांनी सांगितलंय. मी फक्त तांब्याबद्दल बोलतो. आमचा सगळा धंदा त्यात येतो.

भंगारात जुन्या विजेच्या मोटरच्या वायंडिंगची तार राहून जाते. ती एकदा पोलादात मिसळली की निघत नाही. सिलिकॉन, मँगनीज ऑक्सिजनशी संयोग पावून स्लॅगमध्ये, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीत, जातात. तांब्याच्या आधी मात्र लोखंडच जळायला लागतं. पुढे बिलेट तापवताना वरच्या लोखंडाची पपडी होते आणि तांबं पपडीखाली साठतं. ते १०८५ अंशांना वितळतं, रोलिंगआधीची भट्टी बहुधा त्याहून गरम असते. मग पातळ झालेलं तांबं पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि रोलखाली बिलेट चिरतो.

असा तुकडा कापा, पॉलिश करा, नायटलनं (अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लानं) एच करून, म्हणजे पृष्ठभाग किंचित खाऊन, मायक्रोस्कोपखाली ठेवा. भेगेच्या कडेनं तांबूस रेघ दिसते. स्पेक्ट्रोच्या, म्हणजे घटक मोजणाऱ्या यंत्राच्या, रिपोर्टमध्ये तांबं किती टक्के एवढंच असतं; ते जाऊन बसलंय कुठं, हे ही रेघ सांगते. हे बघायची ज्याला हौस नाही त्यानं या वाटेला येऊ नये, पगार कितीही असो.

आता गंमत बघा. हेच तांबं, पाव ते अर्धा टक्का, उघड्यावर कमी गंजणाऱ्या पोलादात मुद्दाम घालतात. आपल्या शेजारच्या बिदरची बिदरी घ्या. छत्रपती संभाजीनगरातही हे काम करणारे कारागीर आहेत. तो धातू बहुतेक सगळा जस्त, त्यात जरासं तांबं. किल्ल्यातली माती आणि नवसागराचं पाणी लावलं की भांडं काळंभोर होतं, चांदीची नक्षी पांढरीच राहते. नुसत्या जस्तावर तो काळा रंग तसा धरत नाही. कारागिरांनी हे प्रयोगशाळेशिवाय ओळखलं होतं, आणि आमच्या पुस्तकांत त्यांना चार ओळीसुद्धा मिळत नाहीत.

१९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म अ‍ॅल्युमिनियममध्ये सुमारे चार टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घालून बघत होता. तापवून पाण्यात बुडवलेला धातू लगेच फारसा कडक झाला नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजला तर कडकपणा वाढलेला! त्यातून ड्युराल्युमिन आलं आणि पुढे विमानांचे सांगाडे. असं का होतं, याचा क्ष-किरणांचा पुरावा १९३८ साली आला : फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तांब्याच्या अणूंचे अतिबारीक पुंजके दाखवले. म्हणजे धातू आधी वापरात आला आणि कारण तीसेक वर्षांनी नीट कळलं.

हल्ली क्रम थोडा बदललाय. कोणत्या मिश्रणात कोणती संरचना बनेल याचं गणित आधी संगणकावर होतं, मग लहान हीट, म्हणजे एका वितळीचा थोडा धातू, ओततात, पुढे फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट आणि ओढून ताकद मोजायची टेन्साइल टेस्ट. तापलेल्या धातूवर सतत भार ठेवायची क्रीप टेस्ट दहा हजार तास चालवायची म्हटली तर जवळपास चौदा महिने गेले. विमानाच्या इंजिनात जाणाऱ्या धातूला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या पोरांना एवढं थांबायची सवय नसते, म्हणून आधीच सांगतो.

धातुशास्त्र शिकायची सोय आहे. पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, मुंबईची आयआयटी. संशोधनात जायचं तर पुढे गेट आणि पीएचडी. हैदराबादला डीएमआरएल ही संरक्षण खात्याची धातू प्रयोगशाळा आणि मिधानी हा खास मिश्रधातूंचा सरकारी कारखाना आहे, नांदेड-लातूरकडच्यांना ते मुंबईपेक्षा जवळ. वाळूजच्या फाउंड्रीत क्वालिटीला लागलात तरी हात बसतो.

पण मला विचाराल तर मोठा प्रश्न इथंच पडलाय. भंगार पुन्हा पुन्हा वितळणार, तांबं प्रत्येक फेरीत थोडं वाढणार. निकेल घातलं तर भेगा कमी होतात, पण सळईच्या भावात निकेल परवडत नाही. मग तार भंगारातूनच वेचायची, भट्टीचं तापमान आणि वेळ बदलायची, की एवढं तांबं पचवणारं स्वस्त पोलादच बनवायचं? यावर जगभर डोकी लागलेली आहेत, आणि नमुने तुमच्या गावात ढिगानं पडलेत.