आवाज आणि पाय: जॉन गिलगुड यांची गोष्ट

(काळा पडदा. एका पुरुषाचा आवाज, शेक्सपिअरचं सुनीत म्हणताना. चेहरा अजून दिसत नाही.)

हा आवाज जॉन गिलगुड यांचा. ॲलेक गिनेस या नटानं त्याला रेशमात गुंडाळलेली चांदीची तुतारी म्हटलं होतं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये शेक्सपिअर बोलावा कसा असा प्रश्न निघाला, की उत्तरात हे नाव हमखास यायचं.

आणि याच नटानं १९२४ मध्ये, विसाव्या वर्षी, लंडनमध्ये रोमिओ केला, तेव्हा समीक्षक आयव्हर ब्राउन यांनी लिहिलं, की इतके निरर्थक पाय कल्पनेतही येणार नाहीत. वाचिक अभिनय जन्मजात मिळालेला, आंगिक अभिनय मात्र जवळजवळ शून्य. पुढची पाऊणशे वर्षं हा माणूस या दोन टोकांमध्ये काम करत राहिला.

(लहानपणीचे फोटो. लंडन, साउथ केन्सिंग्टन.)

जन्म १४ एप्रिल १९०४. वडील शेअर बाजारात, आई टेरी घराण्यातली. व्हिक्टोरियन रंगभूमीची सम्राज्ञी एलन टेरी ही त्यांच्या आजीची सख्खी बहीण. तरीही घरच्यांनी अट घातली: पंचविशीपर्यंत नाटकात जम बसला नाही, तर वास्तुकला, म्हणजे आर्किटेक्चर, शिकायची.

पहिली शाळा लेडी बेन्सन यांची. मुडदूस झालेल्या मांजरासारखा चालतोस, असं बाईंनी तोंडावर सांगितलं. १९२१ मध्ये ओल्ड व्हिक या नाट्यगृहात 'पाचवा हेन्री' नाटकात दूताचं काम मिळालं, एका वाक्याचं आणि बिनपगारी. मग राडा, म्हणजे रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट. तिथं शिकवणाऱ्यांत क्लॉड रेन्स होते, पुढे हॉलिवुडमध्ये नाव काढलेले. शिक्षण म्हणजे आवाज, उच्चार, नृत्य, तलवारबाजी. पण तिथं फक्त पाया तयार होतो. खरी घडण पुढे ओल्ड व्हिकमध्ये झाली.

(वॉटर्लू रोड. ओल्ड व्हिकची दर्शनी बाजू.)

१९२९ ते १९३१. लिलियन बेलिस यांनी चालवलेलं, स्वस्त तिकिटांचं नाट्यगृह. दर काही आठवड्यांनी नवं नाटक उभं राहायचं: संध्याकाळी एकाचा प्रयोग, दिवसा दुसऱ्याची तालीम. दोन हंगामांत गिलगुड यांनी रोमिओ, दुसरा रिचर्ड, मार्क अँटनी, मॅकबेथ, हॅम्लेट, प्रॉस्पेरो आणि सत्ताविशीच्या आत लिअरसुद्धा केला. एवढ्या वेगात पाठांतर टिकतं ते छंदामुळे, म्हणजे वृत्तामुळे. ओळीचा ठेका कानात बसला की चुकलेला शब्द लगेच खटकतो.

तो ठेका मराठी माणसाला परका नाही. शिवतांडव स्तोत्र मनात म्हणून पाहा: लघु-गुरू, लघु-गुरू. शेक्सपिअरची ओळ त्याच चालीची आहे. स्तोत्राच्या चरणात अशा आठ जोड्या, इथं पाच, म्हणजे दहा अक्षरं. फरक इतकाच, की इंग्रजीत गुरू ठरतो तो लांबीनं नाही, आघातानं.

(पडद्यावर एकच ओळ, अक्षरं सुटी करून.)

टु बी, ऑर नॉट टु बी, दॅट इज द क्वेश्चन. मोजा. अकरा भरतात. शेवटचं 'श्चन' हे जास्तीचं, बिनआघाताचं. नवखा नट नेमका इथं पडतो. ओळ संपत आली की दम सुटतो, आवाज खाली बसतो आणि ज्या शब्दासाठी ओळ लिहिली तो 'क्वेश्चन' मागच्या रांगेपर्यंत जातच नाही. शेक्सपिअर वजनाचा शब्द बहुधा ओळीच्या शेवटी ठेवतो, म्हणून श्वास तिथवर पुरवून वापरायचा असतो. दुसरी चूक मधल्या श्वासाची. स्वल्पविराम दिसला की नट दम घेतो आणि विचाराचे तुकडे होतात. श्वास घ्यायचा तो विचार पुरा झाल्यावर, मग तो विचार एका ओळीत संपो की सहा ओळींत. आणि ठेक्यानुसार आघात 'इज'वर येतो, पण कित्येक नट तो 'दॅट'वर देतात. दोन्ही चालतं. मात्र नटाला आपण ठेका कुठे मोडतोय हे ठाऊक हवं.

गिलगुड यांचा दमसास असा, की पल्लेदार वाक्य ते एका दमात, घाई न करता नेत. ओल्ड व्हिकचे दिग्दर्शक हारकोर्ट विल्यम्स यांना संवाद झरझर हवे होते, विनाकारण थांबे नकोत. आधी समीक्षकांना ते झेपलं नाही. पण १९३० चा हॅम्लेट याच शिस्तीतून आला. नट सव्वीस वर्षांचा, त्यामुळे विद्यार्थी राजपुत्र खरोखरच तरुण दिसला.

हॅम्लेट म्हणजे साधारण दीड हजार ओळींची भूमिका. पहिल्या अंकात भुतासमोर सगळा आवाज खर्च केला, तर तिसऱ्या अंकात आईच्या दालनातल्या प्रवेशाला घसा उरत नाही. चौथ्या अंकात हॅम्लेट बराच वेळ रंगमंचाबाहेर असतो. ती विश्रांती फसवी आहे. विंगेत बसलेलं अंग थंड पडतं आणि पुढे स्मशान, मग थेट तलवारीचा सामना. म्हणून त्या मोकळ्या वेळात नटाला हातपाय सैल ठेवावे लागतात.

१९३४ मध्ये लंडनला त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या हॅम्लेटचे १५५ प्रयोग झाले, १९३६-३७ मध्ये न्यूयॉर्कला, गथ्री मॅक्लिंटिक यांच्या दिग्दर्शनात, १३२.

(१९३५. न्यू थिएटरची जाहिरात.)

मधल्या काळात 'रोमिओ अँड ज्युलिएट'. दिग्दर्शक गिलगुड, ज्युलिएट पेगी ॲशक्रॉफ्ट. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि गिलगुड यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आलटूनपालटून केले. ऑलिव्हिएंच्या रोमिओत रक्त उसळत होतं, पण पद्य कोरडं पडलं म्हणून टीका झाली. गिलगुड यांचं पद्य निर्दोष, पण शरीर त्यामागे येत नव्हतं. तेच नाटक, तीच भूमिका आणि उणिवा नेमक्या उलट. अभिनय शिकणाऱ्यानं हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचावं.

गोड गळ्याचा सापळा संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला वेगळा सांगायला नको. पद रंगतं, टाळी पडते आणि प्रसंग मागे राहतो. गिलगुड यांचंही तेच व्हायचं. ओळीचं गाणं व्हायचं. शिवाय त्यांना रडू फार चटकन यायचं. ते हा टेरी घराण्याचा वारसा मानत. रंगमंचावरचे अश्रू घातक असतात: घसा आवळतो, नाक चोंदतं, 'म' आणि 'न' बोथट होतात आणि प्रेक्षकाला रडणं दिसतं पण शब्द कळत नाहीत. गिलगुड यांनी डोळे वाहू दिले आणि घसा मोकळा ठेवला. हे फार थोड्यांना जमतं.

१९५० मध्ये शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला, पीटर ब्रूक या पंचविशीतल्या दिग्दर्शकाबरोबर शेक्सपिअरचंच 'मेझर फॉर मेझर'. कडक, आतून कुजलेला अधिकारी अँजेलो. गिलगुड यांनी आवाजाची सगळी नक्षी काढून टाकली. पण रस्ता सरळ नव्हता. १९५५ चा लिअर साफ फसला. शिल्पकार इसामू नोगुची यांनी राजाच्या झग्याला भोकं ठेवली होती, त्याचं मन विरत जातं हे दाखवायला. प्रेक्षकांना ती भोकंच दिसली. कपडा आधी बोलायला लागला की नटाचं कुणी ऐकत नाही.

(१९५३. वर्तमानपत्रांची पानं.)

त्याआधीचं एक वर्ष सांगायलाच हवं. जून १९५३ मध्ये सर ही पदवी मिळाली. ऑक्टोबरमध्ये अटक. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलैंगिक संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. दंड दहा पौंड, पण नाव सगळ्या वर्तमानपत्रांत. काही दिवसांनी लिव्हरपूलला नव्या नाटकाचा प्रयोग होता. प्रवेशाची वेळ झाली आणि पाऊल विंगेतून पुढे पडेना. सहनटी सिबिल थॉर्नडाइक यांनी त्यांना धरून रंगमंचावर नेलं. प्रेक्षक उठून उभे राहिले.

त्यानंतर 'एजेस ऑफ मॅन'. एकपात्री प्रयोग, डिनर जॅकेट, एक वाचनपीठ, आणि शेक्सपिअरमधली तारुण्य, प्रौढपण, म्हातारपण ही तीन वयं. तो जगभर फिरला.

साठीनंतर मात्र पद्य मागे पडू लागलं. १९७० मध्ये 'होम': राल्फ रिचर्डसन आणि ते, दोन म्हातारे, अर्धवट वाक्यं, नुसते हुंकार. हे दोघं मनोरुग्णालयात आहेत हे प्रेक्षकाला सावकाश कळतं. १९७५ मध्ये हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'नो मॅन्स लँड'मध्ये स्पूनर हा फाटका कवी. चुरगळलेला सूट आणि मोज्यांवर सँडल. ते सँडल नीट बघा. ज्या पायांना कधीकाळी निरर्थक म्हटलं होतं, त्यांच्यावरून आता माणूस ओळखू येत होता: ऐपत गेलेली, ऐट शाबूत.

चित्रपट आले, भराभर. 'आर्थर'मधल्या बटलरसाठी ऑस्कर, वयाच्या ७७व्या वर्षी. लगेच ॲटनबरो यांच्या 'गांधी'त लॉर्ड आयर्विन, ज्या चित्रपटात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा होत्या. १९९१ मध्ये 'प्रॉस्पेरोज बुक्स', त्यात जवळजवळ सगळ्याच पात्रांचे संवाद गिलगुड यांच्या आवाजात. १९९४ मध्ये लंडनच्या शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या ग्लोब थिएटरला (शेक्सपिअरचं ग्लोब ते वेगळं) त्यांचं नाव दिलं गेलं.

(रिकामा रंगमंच. मध्यभागी एक चौथरा.)

२१ मे २००० रोजी, ९६व्या वर्षी, ते गेले. त्याच्या थोडंच आधी कॅमेऱ्यासमोर शेवटचं काम झालं: सॅम्युएल बेकेट यांची छोटी नाटिका 'कॅटॅस्ट्रॉफी'. दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट, सोबत पिंटर. बेकेटच्या संहितेत एक माणूस अठरा इंच उंचीच्या चौथऱ्यावर अनवाणी उभा असतो. बाकीचे दोघं त्याला वस्तूसारखं मांडतात: हात असे, मान खाली, पायजमा गुडघ्यावर. ही गिलगुड यांची भूमिका, आणि तिच्या तोंडी एकही शब्द नाही. दुरून टाळ्यांचा कडकडाट येतो. तो माणूस मान वर करतो, सरळ प्रेक्षकांकडे बघतो. टाळ्या अडखळतात, थांबतात.

(स्तब्धता. काळा पडदा.)