पॉलिसी दाव्याच्या बाजूने वाचावी

श्रोतेहो, आरोग्य विम्याबद्दल सल्ला मागायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न "कोणत्या कंपनीची पॉलिसी घेऊ?" हा असतो, आणि मी त्याचे उत्तर लगेच देत नाही, कारण त्या प्रश्नाची पाळी सर्वांत शेवटी येते. माझ्या नोकरीची बरीचशी वर्षे विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. पॉलिसी विकण्याचे काम मी कधी केले नाही. विकल्या गेलेल्या पॉलिसींवर आलेले दावे तपासले. त्या टेबलावर बसणाऱ्याची पॉलिसी वाचण्याची रीत उलटी असते. माहितीपत्रकावरच्या हसऱ्या कुटुंबाकडे तो पाहत नाही. डिस्चार्ज समरी आणि रुग्णालयाचे बिल समोर ठेवून, यातले देय काय आणि कोणत्या कलमाखाली काय कापले जाणार, एवढेच पाहतो. पॉलिसी घेणाऱ्यानेही पैसे भरण्यापूर्वी एकदा याच बाजूने ती वाचावी, असे माझे म्हणणे आहे; आणि तसे वाचताना मदत कोणाची घ्यावी, हाही आजच्या विषयाचाच भाग आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करतो. वाहनाचा थर्ड पार्टी विमा आपल्याकडे कायद्याने सक्तीचा आहे. व्यक्तीने स्वतःचा आरोग्य विमा काढलाच पाहिजे, अशी सक्ती नाही. गृहकर्ज देताना किंवा लॉकर देताना कोणी "हा विमा घ्यावाच लागतो" असे सांगत असेल, तर तो नियम लेखी मागावा. सक्ती नसली तरी गरज आहेच, पण ती मोजताना आपल्याकडे आधीपासून काय आहे ते आधी पाहावे. महाराष्ट्रातली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली असून तिचे संरक्षण दीड लाखावरून प्रतिकुटुंब प्रतिवर्ष ५ लाख रुपयांवर गेले आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना ऑक्टोबर २०२४ पासून, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे आयुष्मान भारत योजनेचेच कार्ड, मिळू शकते. मात्र या योजना अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयांतच आणि ठरवून दिलेल्या उपचारांसाठीच चालतात. तेव्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय त्या यादीत आहे का, हे आजारपण येण्यापूर्वी पाहून ठेवावे.

नोकरदारांकडे कंपनीचा गट विमा असतो आणि तेवढ्यावर ते निश्चिंत असतात. गट विम्यात बहुधा पहिल्या दिवसापासून जुने आजारही धरले जातात, ही मोठीच सोय आहे. पण नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, आणि नेमक्या त्याच वयात रक्तदाब व साखर यांची नोंद फाइलमध्ये झालेली असते. त्यामुळे नोकरी चालू असतानाच एक लहानशी का होईना, स्वतःच्या नावाची पॉलिसी असावी, असे माझे मत आहे. तिचे प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ठरावीक आजारांसाठी दावा मिळत नाही ती सुरुवातीची मुदत, नोकरीच्या काळात सरून जातात, हा तिचा खरा उपयोग. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर मागण्याची सोयही आहे. ती पुष्कळांना ठाऊक नसते, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही.

आता कागदांकडे वळू. पॉलिसीच्या साऱ्या कागदांत महत्त्वाचा कागद कोणता, असे विचारले तर मी प्रस्ताव अर्ज, म्हणजे पॉलिसी मागताना भरून दिलेला अर्ज, हे उत्तर देईन, आणि नेमका तोच कागद लोक वाचत नाहीत. माझ्यासमोर आलेले एक प्रकरण सांगतो. पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेचा दावा होता; बिल साधे, रुग्णालय व्यवस्थित. केस पेपरवर मात्र डॉक्टरांनी लिहिले होते की रुग्ण पाच वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेत आहे. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची. प्रस्ताव अर्ज काढून पाहिला, तर आजारांच्या रकान्यात ओळीने "नाही, नाही, नाही" असे एकाच निळ्या शाईत, एकाच तिरप्या वळणाने लिहिलेले, आणि खाली सही काळ्या शाईची, वेगळ्या हाताची. ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, मी एजंटला गोळी चालू असल्याचे सांगितले होते. तो म्हणाला, ती आजकाल सगळ्यांनाच असते." ते खरेच बोलत असावेत, असे मला त्या वेळीही वाटले आणि आजही वाटते. पण सही त्यांची होती. दावा नाकारला गेला आणि पॉलिसीही रद्द झाली.

विम्याचा करार परमविश्वासाचा मानला जातो, याचा अर्थ एवढाच की विचारलेली माहिती जशी आहे तशी सांगण्याची जबाबदारी विमा घेणाऱ्यावर असते. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार लपवलेल्या एका मेडिक्लेम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली विमा कंपनीची बाजू ग्राह्य धरली होती. उलट, आजार लिहिला तर पॉलिसी मिळणार नाही, ही भीतीही अवाजवी आहे. कंपनी प्रीमियम थोडा वाढवते, वैद्यकीय तपासणी करवते किंवा त्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी लावते. आधीपासूनच्या आजारांसाठीचा हा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकतो; २०२४ च्या नियमांपूर्वी तो ४८ महिने होता. लिहिलेला आजार तीन वर्षांनी विम्याच्या कक्षेत येतो. न लिहिलेला आजार मात्र डोक्यावरच्या टांगत्या तलवारीसारखा राहतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला माहिती दडवल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. पण मध्येच विमा रक्कम वाढवली असेल, तर वाढीव रकमेसाठी हे महिने नव्याने मोजले जातात.

याच्याशी जोडलेली, दावे विभागात रोज दिसणारी एक गोष्ट सांगून ठेवतो. रुग्णाला तातडीने दाखल करताना डॉक्टर विचारतात, "साखर केव्हापासून?" आणि घाबरलेला मुलगा उत्तर देतो, "बरीच वर्षे असेल, सात-आठ." प्रत्यक्षात निदान दोन वर्षांपूर्वीचे असते. पण केस पेपरवर सात-आठ वर्षे उमटतात आणि पुढे तोच पुरावा ठरतो. घरातील प्रत्येकाच्या आजाराचे पहिले निदान केव्हा झाले, त्या दिवशीचा अहवाल आणि चिठ्ठी जपून ठेवणे, ही सवय कोणत्याही एजंटपेक्षा उपयोगी पडते.

दुसरे कलम खोलीभाड्याचे. हे थोडे हिशेबाने पाहू, कारण लोकांचे सर्वाधिक पैसे इथेच जातात. २०२० साली नियामकाने, म्हणजे विमा क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, सर्व कंपन्यांना विकायला लावलेल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीच्या मूळ मसुद्यात खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, अशी होती, आणि प्रत्येक देय दाव्यावर ५ टक्के को-पे, म्हणजे विमाधारकाने स्वतः सोसायचा हिस्सा, होता. समजा, ५ लाखांची अशी पॉलिसी असलेला रुग्ण ८,००० रुपये भाड्याच्या खोलीत सहा दिवस राहिला. खोलीचे ४८,०००; शस्त्रक्रिया, डॉक्टर आणि शुश्रूषा यांचे १,६०,०००; औषधे, तपासण्या व इम्प्लांट यांचे ९०,०००; हातमोजे, मास्क यांसारख्या न मिळणाऱ्या वस्तूंचे १२,०००; एकूण ३,१०,००० रुपयांचे बिल. रुग्णाला वाटते, खोलीचा फरक दिवसाला ३,०००, म्हणजे सहा दिवसांचे १८,००० आपण भरू. हिशेब तसा होत नाही. खोली मर्यादेबाहेरची घेतली की तिच्याशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच या प्रमाणात, धरला जातो. खोलीचे ३०,०००, शस्त्रक्रिया वगैरेंच्या १,६०,००० पैकी १,००,०००, औषधे व तपासण्यांचे पूर्ण ९०,००० अशी बेरीज २,२०,००० होते. त्यातून ५ टक्क्यांचे ११,००० वजा जाता कंपनी २,०९,००० देते. पाच लाखांचा विमा असूनही खिशातून १,०१,००० रुपये जातात, आणि कुठेही कोणी फसवलेले नसते.

या कपातीला नियामकाने काही कुंपणे घातली आहेत. औषधे, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे शुल्क यांवर ती लागत नाही. ज्या रुग्णालयात खोलीप्रमाणे इतर दर बदलतच नाहीत, तिथेही ती लावता येत नाही. हा दुसरा मुद्दा कापलेल्या दाव्याविरुद्ध लिहिताना फार कामी येतो. तरी उत्तम उपाय म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी पाहणे, आणि ती परवडत नसेल तर दाखल होताना मर्यादेतली खोली मागणे.

विमा रक्कम किती असावी, यावर मी फार वेळ घेत नाही. आपल्या शहरातल्या, आपण खरोखर जाऊ त्या रुग्णालयात हृदयाच्या किंवा सांध्याच्या शस्त्रक्रियेचा आजचा खर्च विचारावा आणि तिथून पुढे मोजावे. मोठी रक्कम स्वस्तात हवी असेल तर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी, चांगला; मात्र टॉप-अप आणि सुपर टॉप-अप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५ लाखांचे डिडक्टिबल, म्हणजे ज्या रकमेपर्यंत ही पॉलिसी काहीच देत नाही ती मर्यादा, असताना वर्षात तीन-तीन लाखांची दोन आजारपणे आली, तर साधा टॉप-अप काहीही देत नाही, कारण एकही बिल पाच लाखांवर गेलेले नसते. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचा एक लाख देतो. फ्लोटरमध्ये, म्हणजे सर्व कुटुंबाची मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, वृद्ध आई-वडिलांना घालू नये, कारण प्रीमियम सर्वांत मोठ्या वयावर ठरतो आणि एकाच्या दीर्घ आजारपणात सर्वांची रक्कम संपते. प्रीमियमवरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींसाठी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. जुने कोष्टक दाखवून कोणी तो मागत असेल तर विचारावे.

राहता राहिला मदतीचा प्रश्न. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि मोजक्या कंपन्यांचीच उत्पादने विकू शकतो. बँक ही कॉर्पोरेट एजंट असते, तिलाही ठरावीक कंपन्यांशीच करार करता येतो. ब्रोकर कायद्याने ग्राहकाचा प्रतिनिधी असतो आणि त्याला कोणत्याही कंपनीची पॉलिसी देता येते. तिघांनाही मोबदला मात्र कमिशनच्या रूपाने कंपनीकडूनच मिळतो. यात गैर काही नाही, पण आपण ज्याला विचारतो आहोत तो कोणाच्या बाजूने बसला आहे, हे माहीत असावे. चांगल्या एजंटची माझी कसोटी साधी आहे. तो प्रस्ताव अर्ज तुमच्या हातात देतो, तुमच्याकडून भरून घेतो आणि गोळ्यांची चिठ्ठी मागतो. "तुम्ही फक्त ओटीपी सांगा, बाकी मी पाहतो," असे म्हणणाऱ्याकडून पॉलिसी घेऊ नये, मग तो सख्खा मेहुणा का असेना. अर्ज ऑनलाइन भरला गेला तरी ओटीपी ही तुमची सहीच असते.

पॉलिसी हाती आल्यावर तीस दिवसांचा फ्री लुक कालावधी मिळतो. त्या मुदतीत ती परत करता येते आणि किरकोळ वजावट सोडून पैसे मिळतात. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहिती पत्रक थोडक्यात आणि सोप्या भाषेत असते. त्यात प्रतीक्षा कालावधी, मर्यादा, को-पे आणि वगळलेल्या गोष्टी दिलेल्या असतात. तीस दिवसांपैकी एक संध्याकाळ त्या पत्रकाला द्यावी. आपल्या घराजवळचे नर्सिंग होम पॉलिसीतील रुग्णालयाच्या व्याख्येत बसते का, हेही तेव्हाच पाहावे. दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० आणि इतरत्र किमान १५ खाटा, चोवीस तास परिचारिका, अशा अटी त्या व्याख्येत असतात.

दाव्याच्या वेळी कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने थेट रुग्णालयाला भरण्याच्या, विनंतीवर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असा २०२४ पासूनचा नियम आहे. दावा नाकारला तर कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एका महिन्यात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालये मुंबई, ठाणे आणि पुणे येथे आहेत. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रार मात्र कंपनीच्या नकारापासून वर्षभरात करावी लागते. तिथे जाणाऱ्यांना मी एवढेच सांगतो की रागाची पाने कमी करा आणि कलमाचा क्रमांक लिहा.

आयोजकांनी सांगितल्याप्रमाणे आपल्यापैकी अनेकांनी स्वतःच्या पॉलिसी सोबत आणल्या आहेत, आणि उरलेला अर्धा तास त्यांच्यासाठीच आहे. मी प्रत्येकापाशी येईन. तोवर शेवटची पाने उलटून प्रस्ताव अर्जाची प्रत काढून ठेवा, आणि आजारांच्या रकान्यातले अक्षर आपलेच आहे का, ते पाहा.